चाळीसच्या वर नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, मिस्त्री, चौतीस वर्षांच्या कामातले अनुभव लिहा, जरा गमतीदार लिहा. गमतीदार कुठून आणू? कोरी गाडी घरी आणून पहिल्याच आठवड्यात तिचं इंजिन कसं मारतात, हे चौतीस वर्षं ज्यानं पाहिलं, त्याचं डोकं तापलेलंच असणार. मी तापलेल्या डोक्यानंच लिहिणार आहे. ज्याला राग येईल त्यानं आधी आपल्या गाडीबरोबर आलेली, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद पडलेली पुस्तिका काढून वाचावी आणि मग सानगडीला माझ्या दुकानावर भांडायला यावं. चहा मी पाजीन.

ज्यांना इंजिनातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पोटात लोखंडाचं एक जाड नळकांडं असतं, आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. त्यात पिस्टन वरखाली पळतो आणि पिस्टनच्या अंगावर रिंगा असतात. ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात बारीक तिरपी जाळी कोरलेली असते, डोळ्याला जेमतेम दिसणारी. त्या जाळीत ऑइल धरून राहतं, आणि रिंगा हळूहळू घासत आपापली जागा करतात. याला वेळ लागतो. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. डबलसीट नाही. सकाळी चालू केल्याबरोबर पिळायची नाही. आणि उभ्या गाडीला रेस तर अजिबात द्यायची नाही, कारण चालत्या गाडीला वारा लागतो, उभीला तोही मिळत नाही. पुढचे पाचशे थोडं मोकळं सोडायचं, झालं. एवढंच आहे हो! यासाठी कुठल्या कॉलेजात जावं लागत नाही.

पण नाही. गाडी दारात आली की नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू येतं, हँडलला काळी बाहुली लटकते. नजर उतरवून होते न होते तोच तिघं जण त्या गाडीवर बसून दर्शनाला निघतात, ऐंशीच्या वेगानं! अरे, नजर कोणाची लागेल म्हणून घाबरता? तिच्यावर बसलेल्या तिघांचीच लागली आहे. काही पोरं मलाच शिकवतात, "काकाजी, तुमी जुन्या जमान्यात आहा. आता इंजन कारखान्यातूनच तयार येते. मोबाइलवर पाहा, जोरात चालवली का पिकप येते." मी म्हणतो, बरं बाबा, मग धूर निघाल्यावर त्या मोबाइलवाल्यालाच बोलाव ब्लॉक खोलायला.

पहिली काही वर्षं मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "हजार किलोमीटर इंजिन बसू द्या." रिंगा बसतात, म्हणून आमच्या धंद्यात तो शब्द. आसगावकडचे एक गुरुजी आमच्या शाळेत होते. त्यांनी नवी गाडी घेतली, मला दाखवायला आणली. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, "गुरुजी, घाई करू नका, इंजिन चांगलं बसू द्या." दीड महिन्यानं गुरुजी एस.टी.तून उतरले आणि थेट दुकानात.

"का जी मिस्त्री, झाली असन ना आता?"

"काय झाली असन?"

"गाडी! तुमीच म्हणले ना, बसू द्या म्हून. दीड महिना पडवीत चादर झाकून ठेवली. पोरायले हात नाही लावू देला."

"आणि हजार किलोमीटर म्हटलं होतं ते?"

"मी म्हटलं, तो तुमचा काही हिशोब असन."

जाऊन पाहिलं तर चाकं चपटी, बॅटरी मेलेली, हवेच्या जाळीत उंदरानं संसार मांडलेला. लोक हसले, मी नाही हसलो. चूक माझी होती. आमच्याकडे इंजिन बसलं म्हणजे इंजिन कामातून गेलं असाही अर्थ होतो, आणि माणूस बसला म्हणजे तर बसलाच. गुरुजी बिचारे काय करणार? त्या दिवसापासून मी शब्द बदलला. "इंजिन रुळू द्या" असं सांगू लागलो. वर जोडायचो, "नवीन सून घरात रुळते ना, तसं. धीरानं घ्या." बायाबापड्यांना ते पटकन कळायचं, मान डोलवायच्या. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायचं. तीच गोष्ट पुढे माझ्या घशात अडकली, ती आता सांगतो.

राकेशचा बाप माझं पहिलं गिऱ्हाईक. दुकान टाकलं त्या दिवशी पहिली गाडी त्याचीच उभी राहिली होती. तो अकाली गेला. त्याच्या मागे देवकाबाईंनी, म्हणजे राकेशच्या आईनं, धानाची शेती एकटीनं सांभाळून पोराला वाढवलं. राकेशचे आजे मागावर बसणारे होते, त्यामुळे सोयरीक विणकराच्याच घरी जमली. आंधळगावचे शालिकभाऊ, कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारे, त्यांची मुलगी प्रणाली. लग्नात मुलीकडून एक मोटारसायकल आली. मागितली होती का? छे! "आमी नाही मागतली जी, त्यायनं हौसेनं देली." हे वाक्य मी इतक्या मांडवांत ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं की अंगाचा तिळपापड होतो. हौस म्हणे मुलीच्या बापाची, आणि रंग निवडायला नवरदेव दोन मित्रांना घेऊन शोरूममध्ये! मला हे माहीत होतं, तरी मी लग्नाला गेलो. वडीलधारा माणूस हवा म्हणून देवकाबाईंनी बोलावलं होतं.

वैशाखातलं ऊन. दुपारचे चार वाजले होते तरी डांबर चपलांना चिकटत होतं. गाडी मांडवाच्या दारात हार घालून उभी होती, मीटरवर अकरा किलोमीटर, शोरूमपासून मांडवापर्यंतचे. वरात दारात आली, डीजे लागला, आणि राकेशच्या दोस्तांनी नवरीच्या भावाकडून चाबी मागून घेतली. गाडी मधल्या स्टँडवर चढवली. एकानं एक्सिलेटर पूर्ण पिळून धरला, दुसरा चाबी बंद-चालू, बंद-चालू करून सायलेन्सरमधून फटाके काढू लागला. फाट्! फाट्! प्रत्येक आवाजावर पोट्टे उड्या मारत होते.

मी पुढे झालो. "अबे, नवीन इंजन आहे, मारून टाकता काय त्याले?"

"काकाजी, लगन एकदाच होते!"

सगळे हसले. मी मागे सरलो. इथवर माझं काही चुकलं नव्हतं. पण थोड्या वेळानं गाडी मधेच बंद पडू लागली. मग त्यांच्यातला एक जण माझ्याकडे आला. "मिस्त्री काका, जराशी रेस चढवून द्या ना, बंद पडून राहिली." आणि आंधळगावच्या लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "आमच्या सानगडीचे मिस्त्री आहेत जी हे! यायनं हात लावला का गाडी गाते!"

चार माणसं माझ्याकडे पाहू लागली. माझ्या डोक्याला फेटा बांधलेला. काय सांगू तुम्हाला! मी खाली वाकलो, गाडीच्याच किटमधला पाना घेतला आणि एक्सिलेटरच्या केबलचा नट दोन फेरे फिरवून केबल खेचून दिली. इंजिन आपोआप वरच्या सुरात लागलं. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

त्यानंतर तासभर ते इंजिन तसं ओरडत होतं. सायलेन्सरची नळी निळी पडली. तापलेल्या, जळक्या ऑइलचा वास आला. तो वास झोपेत आला तरी मी उठून बसेन. पण त्या दिवशी मी पंगतीत जाऊन बसलो आणि बुंदी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तेच पोट्टे तिघं बसून गाडी सानगडीला घेऊन निघाले. गाव दोन किलोमीटरवर असताना इंजिन जाम झालं. थंड झाल्यावर सुरू झालं खरं, पण मागून निळा धूर. आठवड्यात ऑइल अर्ध्यावर. शोरूमवाल्यांनी पाहून सांगितलं की उभ्या गाडीला रेस देऊन इंजिन जाळलं आहे, हे वॉरंटीत नाही बसत. राकेशनं हे घरी सांगितलंच नाही. तो आईला म्हणाला, "शोरूमवाले ऐकून नाही राहिले, गाडीच खोटी आहे." मग गावात बोलणं सुरू झालं. शालिकभाऊंनी कोणीतरी परत केलेली गाडी हार घालून जावयाच्या गळ्यात मारली म्हणे! बोअरवेलवर बाया बोलू लागल्या, "गाडी अशी, मंग पोरगी कशी असन?" ऐका! ज्या पोरीनं त्या गाडीला बोटही लावलं नव्हतं तिच्यावर हे बोलणं. आणि फटाके काढणारे पोट्टे पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा चघळत ऐकत होते. एकाला वाटलं नाही की तोंड उघडावं. मीही नाही उघडलं.

आमच्याकडे नवीन सून आखाडीला माहेरी जाते, आणि आखाड सरला की सासरचे तिला आणायला जातात. प्रणाली गेली. आखाड सरला, धानाचे रोवणे आटोपले, पोळा झाला, तिला आणायला कोणी गेलं नाही. निरोप तेवढा गेला, की दुसरी गाडी घ्या आणि पोरीला तिच्यावर बसवून पाठवा. लग्नाला पुरते चार महिने झाले नव्हते आणि पोरीचा संसार एका जळक्या ब्लॉकपायी अडला होता. मी रोज दुकान उघडत होतो, लोकांना "नवीन सून रुळते तसं" हे सांगत होतो. राकेश गाडी घेऊन माझ्याकडे आला नाही. का आला नाही ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

पोळ्यानंतर एका सकाळी शालिकभाऊ स्वतः दुकानात आले. खांद्यावर त्यांनीच विणलेला कोशाचा दुपट्टा. बसा म्हटलं तरी बसेनात. हात जोडून उभे.

"मिस्त्रीजी, तुमचं त्या घरी वजन आहे. तुमी फक्त एवढं म्हणा, का गाडी कारखान्यातूनच खोटी आली. म्हंजे माह्यावर बी नाही आणि पावण्यायवर बी नाही. माही पोरगी घरी जाईन."

"आणि खोटी गाडी आणली म्हून तिले जलमभर बोलतीन त्याचं काय?"

"बोलू द्या जी. घरात असली म्हंजे झालं."

माझं टाळकं सरकलं. "झालं? काय झालं? तुमी कायले हात जोडता? तुमचं काय चुकलं?" मी एवढ्या जोरानं ओरडलो की समोरचा पंक्चरवाला उठून आला. शालिकभाऊ एक पाऊल मागे सरले. मी त्यांच्यावर ओरडत नव्हतो हे त्यांना कुठून कळणार? केबल मी खेचली होती हे त्या वेळी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. एवढंच म्हणालो, "रविवारी पोरीले घेऊन देवकाबाईच्या घरी या. मी सगळ्यांसमोर इंजन खोलतो."

रविवारी देवकाबाईंच्या अंगणात पोतं अंथरलं आणि गाडी लावली. शेजारचे पाच-सहा जण जमले. प्रणाली बापाच्या मागे खाटेच्या कडेला उभी होती, तिला कोणी घरात ये म्हटलं नव्हतं. राकेश खांबाला टेकून मोबाइल पाहत होता. मी हेड काढलं, ब्लॉक ओढून बाहेर घेतला. आतली जाळी गायब. तिच्या जागी वरून खालपर्यंत ओरखडे. पिस्टनचंही तेच.

राकेश म्हणाला, "हे कंपनीतूनच तसं असन."

मी दुकानातून दुसरा ब्लॉक आणला होता. एका दूधवाल्याच्या गाडीचा, रोज कॅनांचं ओझं वाहिलेला, पण पहिले हजार किलोमीटर माझं ऐकून चालवलेला. दोन्ही शेजारी ठेवले.

"मले काय समजते त्यातलं?" देवकाबाई म्हणाल्या.

"आत बोट फिरवून पाहा."

त्यांनी दोन्हींत बोट फिरवलं आणि पदराला पुसलं. तेवढ्यात शालिकभाऊ पुढे आले. मला वाटलं आता हे पुन्हा हात जोडतात आणि कंपनीला दोष देऊन मोकळे होतात. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दूधवाल्याच्या ब्लॉकमधून त्याचं टोक ओढून घेतलं. अलगद आलं. मग लेकीच्या गाडीच्या ब्लॉकमध्ये घातलं आणि ओढलं. अडकलं. आणखी ओढलं तेव्हा एक धागा सर्रकन निघून लोंबायला लागला. ते त्या धाग्याकडे पाहत राहिले. पन्नास वर्षं त्या बोटांनी कोसा हाताळला होता.

"हे कारखान्यातलं नाही, बाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, तो मी पहिल्यांदाच ऐकला. "असं खरखरीत काम कोणी कारखान्यातून बाहेर नाही सोडत. आमच्या धोट्याले एवढी खरखर असली तं आमी त्याले मागावर नाही घेत. हे मागाहून ओरबाडलं आहे. कोनं ओरबाडलं ते इचारा."

देवकाबाईंनी लेकाकडे पाहिलं. "कोनं केलं रे?"

राकेशनं मोबाइल खिशात टाकला.

मग मी बोललो. "वरातीत तुमच्या पोट्ट्यायनं. तासभर रेस देली उभ्या गाडीले. आणि बंद पडून राहिली तवा केबल खेचून देली ती मी."

"तुमी?" देवकाबाई माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मला ओळखतच नव्हत्या. "पोट्टे तं पोट्टे आहेत. तुमी तं मिस्त्री होता जी!"

चौतीस वर्षांत मला गिऱ्हाइकांनी खूप शिव्या दिल्या. त्यातली एकही इतकी लागली नाही.

"मी पाहलं होतं," मागून प्रणाली म्हणाली. "गच्चीवर होती मी, वरात पाहाले. काकाजीच्या हातात पाना होता."

"मंग बोलली काहून नाही इतके दिवस?" सासूनं विचारलं.

"आत्याबाई, मले कोनं इचारलं?"

राकेश शेवटी म्हणाला, "मी बनवून आणतो गाडी. चुकलं." मी म्हणालो, साकोलीला लेथवर ब्लॉक आतून कापून, म्हणजे बोर करून आणतो, नवीन पिस्टन, नवीन रिंगा, हातचं काम माझं. पण बोर केलेलं इंजिन म्हणजे पुन्हा कोरं इंजिन. पुन्हा हजार किलोमीटर रुळवावं लागणार. आणि आता याच्या हातात देऊ कशी?

"मी रुळवतो," प्रणाली म्हणाली. "बाबांचं कापड गाडीवर मीच पोहचवत होती. गाडी बनली का आंधळगावले आणून द्या. तिथून मीच चालवत आणीन. हजार होईपर्यंत चाबी माह्याजवळ राहीन."

जमलेल्यांपैकी एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "आता बाईमानूस मोटारसायकल चालवन अन् नवरा..."

"तू चूप राय!" देवकाबाई कडाडल्या. "तुह्याच पोट्ट्यानं पिळली असन!" खरोखरच त्याच्याच पोरानं पिळली होती. गृहस्थ चपला शोधू लागले.

पंधरा दिवसांनी गाडी टेम्पोत चढवून आंधळगावला पोचवली. राकेश बायकोला रीतसर आणायला गेला. पण पहिले पाचशे डबलसीट नाही, ही माझी ताकीद. तेव्हा प्रणाली एकटी गाडीवर आली, सगळी वाट चाळीसनं, मधे दोनदा थांबून इंजिन थंड करत. आणि नवरदेव तिची बॅग मांडीवर घेऊन मागच्या एस.टी.नं. त्या दिवशी स्टँडवर सगळं सानगडी हसलं. मीही हसलो.

तेव्हापासून कुठल्या वरातीला बोलावलं तर मी आधी गाडीची चाबी मागतो, मग फेटा बांधून घेतो. लोक म्हणतात, मिस्त्री खडूस झाला. होऊ द्या. पोट्टे अजून तेच करतात. परवाच एकानं कोऱ्या गाडीचे फटाके काढून मला मोबाइलवर दाखवले, वर विचारलं, "कसा आवाज आहे काकाजी?" त्याचा मोबाइल घेऊन ऑइलच्या डब्यात टाकावा असं वाटलं. टाकला नाही, एवढंच.

बोर केल्यापासूनचे पाचशे पुरे झाल्याबरोबर प्रणाली दुकानात हजर झाली. पाचशे दोन! चौतीस वर्षांत इतक्या वेळेवर आलेलं दुसरं गिऱ्हाईक मला आठवत नाही. ऑइल काढलं, दोन बोटांत चोळून पाहिलं. कचकच नाही, चकाकी नाही. इंजिन चालू करून कान लावला.

"मस्त रुळून राहिलं बेटा इंजन," मी म्हणालो. "आता पन्नासपर्यंत जाऊ दे."

ती चाबी घेऊन निघाली. विचारावं की नाही, असं करत शेवटी विचारलंच. "आणि तू? तू रुळली का घरी?"

तिनं गाडीला किक मारली. रेस दिली नाही, इंजिन आपल्या चालीवर येऊ दिलं.

"मी कायले रुळू काकाजी? घरचे रुळून राहिले. त्यायले अजून चाळीसच्या वर नाही जाऊ देत मी."